नाण्याचे दोन ठोके

खिशातून पाच रुपयांचं नाणं काढायचं आणि गाडीच्या दांडीवर वाजवायचं. एक ठोका म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. एसटीतून निवृत्त होऊन वर्षं लोटली, तरी आमच्या गल्लीतल्या या कंडक्टरची सवय सुटली नव्हती. हयात लाखांदूरच्या फेरीवर गेलेली. सगळे त्यांना मास्तर म्हणत. लग्नाची गाडी असो की सहलीची, दाराजवळची सीट त्यांचीच. "मोजल्याबिगर गाडी हालत नाही," हे ठरलेलं वाक्य. स्वतःला आणि ड्रायव्हरला ते मोजत नसत. "आमी दोघं गाडीचेच पार्ट."

तुमच्याही गल्लीत असा कोणी असेल. लोक त्याला हसतात आणि त्याच्याशिवाय निघतही नाहीत.

मागल्या वर्षी पौषातल्या एका रविवारी आम्ही अड्याळच्या पलीकडे, डोंगरावरच्या बोडीवर गेलो. बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव. माणशी तीनशे रुपये, हिशेब माझ्याकडे. मास्तर सोडून प्रवासी चौदा, त्यात माझी थोरली बहीण. ताईला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. पोरं पोहली, रोडगे झाले, वांग्याची भाजी झाली. उन्हं उतरली तसे निघालो.

थंडी पडली होती. बायकांनी डोक्यावरून शाली घेतल्या होत्या. गाडीजवळ गवताचा भारा घेऊन एक म्हातारी उभी होती. "पायथ्यापर्यंत सोडता काय बाबू?" मास्तरांनी भारा टपावर टाकला, तिला बसवलं, मग डोकी मोजली. चौदा. टक, टक.

पायथ्याशी म्हातारी उतरली. माणूस उतरला की पुन्हा मोजायचं, हा मास्तरांचा नेम. त्यांनी मोजलं. परत मोजलं. नाण्याचा एकच ठोका पडला.

"तेरा."

"म्हातारी उतरली नं मास्तर, आत्ताच!" मागून कोणी हसलं.

"तिले सोडूनच बोलून राहिलो. ते उतरल्यावर चौदा पायजेत. कोन नाही?"

आतला दिवा लागला, शाली खाली आल्या. माझी बायको माझ्याकडे बघू लागली. "ताई समोर तुमच्याजवळ नाहीत?"

मी समजत होतो, ताई मागे बायकांत आहे.

गाडी वळली. चढ संपेपर्यंत मास्तर दारात उभे राहून एकच पुटपुटत होते, "बाईच्या जागी म्हातारीले मोजलं मी."

वर पोचलो तेव्हा पाणी काळं पडलं होतं. काठावरच्या दगडावर ताईची पिशवी तेवढी होती. पोरं हाका मारू लागली.

"हाका कोनाले मारता?" मास्तर ओरडले. "तिले ऐकू येते काय?" मग ड्रायव्हरला म्हणाले, "लाइट मार पान्यावर. चालू-बंद कर."

उजेड पाण्यावर पडला, विझला. पुन्हा पडला. मला पोहता येत नाही, तरी मी गुडघाभर पाण्यात उतरलो होतो. तेवढ्यात पलीकडच्या बांधावर काही पांढरं हललं. शाल होती. कोणी ती हलवत होतं.

ताई आली ती रागानेच. पदरात बोरं. "कुठी गेलते रे सारे? बोरं येचून वापस येते, तं गाडीच नाही!"

मास्तर तिच्यासमोर मटकन खाली बसले. त्यांनी हात जोडले. त्यांचे ओठ हलत होते, पण तिला काय कळणार! तिने त्या जोडलेल्या हातांत मूठभर बोरं कोंबली. "घ्या मास्तर, माहं तिकीट."

त्यानंतर ते डोकी मोजत नसत. प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून मोजत, शाल बाजूला करायला लावून. बायका चिडत.

पावसाळ्यात मास्तर गेले.

यंदाच्या पौषात पुन्हा त्याच बोडीवर गेलो. परतताना दाराजवळची सीट रिकामी ठेवली होती. मी उभा राहून तोंडं मोजली. सगळे होते. तरी ड्रायव्हर गाडी हलवेना, आणि त्याला चल म्हणायला कोणाचं तोंड उघडेना.

मग ताई उठली. बटव्यातून पाच रुपयांचं नाणं काढलं आणि जे तिला कधी ऐकू आलं नव्हतं ते दांडीवर वाजवलं. दोनदा.