दारातले बूट

आमच्या कोयनानगरच्या वसाहतीत वरच्या वाडीतून एक बाई दूध घालायला यायच्या. नऊवारी पातळ, कपाळभर कुंकू आणि पायांत पुरुषांचे काळे बूट. ते त्यांनी कराडच्या दुकानातून स्वतः निवडून आणले होते. दुकानदार बायकांच्या चपलांकडे बोट दाखवत राहिला आणि या एकेक बूट घालून दुकानाच्याच पायऱ्या चढत-उतरत राहिल्या. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "आवं, पायाला कुठं ठावं हाय, त्यो बाईचा हाय का बाप्याचा? बोटं मोकळी पायजेत आन् टाच हलाय नको."

संक्रांतीला मी शेजारच्या काकूंकडे हळदीकुंकवाला गेले होते. काकूंनी दारातले बूट पाहिले आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक दिली, "अगं, कुणी पुरुष माणूस आलंय. बायकांत यायला अवघडले असतील. बाहेर चहा द्या!" चहा आला. बाहेर कुणीच नव्हतं.

"आना हिकडं. बूट माजं हायती," बायकांत बसलेल्या दूधवाल्या बाई म्हणाल्या आणि फुंकत फुंकत चहा प्यायल्या.

निघताना माझ्या नव्या सँडलने टाचेला आलेले फोड त्यांना दिसले. त्यांनी आपले बूट माझ्यापुढे सरकवले. मी अंगणात चार पावलं चालले आणि परत द्यायला मन होईना.

पुढच्या संक्रांतीला काकू दारात डोकावल्या, काळ्या बुटांचे दोन जोड पाहून हसल्या आणि आत ओरडल्या, "दोन कप टाका गं!"

माझ्या शेजारी बसलेल्या त्या मला कोपराने ढोसत म्हणाल्या, "घ्या, औंदा तुमाला बी आला."