नलूताईची वरची दाढ

कुरड्यांचा चीक पातेल्यात वाफाळत होता, अर्धी खाट भरली होती आणि सोऱ्या माझ्या हातात होता, तेवढ्यात शेजारची नलूताई गाल धरून गच्चीवर आली. म्हणाली, "वहिनी, राहू दे ते. दवाखान्यात जाऊन राह्यली मी, सोबत पाह्यजे." चीक निवला की कुरडई तुटते, हे तिलाही ठाऊक. तरी म्हणाली म्हणजे आता निघायलाच हवं. पातेल्यावर झाकण ठेवलं आणि चप्पल घातली.

नलूताई म्हणजे आमच्या पांढरकवड्याच्या गल्लीतला खणखणीत आवाज. नवरा ट्रकवर होता. तो गेल्यावर तिनं ब्लाऊज शिवून घर चालवलं. शाळा सातवीपर्यंतची, पण पोथी अशी वाचते की अक्षर न येणाऱ्या बायकांनाही ओवी उमगते. अधिक महिन्यात आमच्या मंदिरात रोज दुपारी पोथी असते. रीत अशी की ज्यानं हातावर पाणी घेऊन संकल्प सोडला त्यानंच शेवटच्या अध्यायापर्यंत वाचायचं. मधे आवाज बदलला की पारायण खंडलं. यंदाचा संकल्प नलूताईचा होता.

आणि नेमकी तिची वरची दाढ सुजली. काही वर्षांपूर्वी रूट कॅनल केलेली. तिच्यावर बसवलेली टोपी हलत होती, तोंड धड उघडत नव्हतं. मी कुरड्यांना बसण्याआधी, त्याच दुपारी, तिनं त्या दिवशीचा अध्याय कसाबसा संपवला होता. तेव्हा मंदिर समितीचा अवधूत म्हणाला, "ताई, उद्यापासून मोबाइलवर पोथी लावून देतो. स्पीकर आहे आपल्याकडे. उच्चार शुद्ध, अन् तो थकतही नाही."

ते तिला झोंबलं. दाढ काढायची ठरवली, तर गल्लीतल्या रत्नप्रभाकाकू आडव्या आल्या. "वरची दाढ काढली की डोळ्याची नस तुटते. मग काय पोथी चाचपून वाचशील?"

"डोळा गेला तर दुसरा राह्यते, काकू. तोंड एकच आहे."

म्हणाली खरी, पण रस्ताभर माझा हात तिनं सोडला नाही.

दवाखान्यात डॉक्टर मधुवंतीनं दाढेचा फोटो काढून पाहिला. दाढ मुळापर्यंत चिरली होती, वाचण्यासारखी नव्हती.

"सुई देऊन काढू, मावशी."

"नस तर तुम्हीच लोकांनी मारलती. मेल्या दाढेले सुई कायले?"

"दाढ मेली, पण भोवतीची हिरडी आणि हाड जिवंत आहे ना."

"अन् डोळा?"

"डोळ्याची नस वेगळी, तिला धक्का लागत नाही. दाढेच्या वर गालाच्या हाडात पोकळी असते, म्हणून काही दिवस नाक जोरात शिंकरू नका. एवढंच." मग तिनं समजावलं, "रूट कॅनलची दाढ वाळल्या काडीसारखी ठिसूळ होते. एका दमात निघेलच असं नाही, तुकडे होतील. मुळं वेगळी करून एकेक काढीन. कडकड वाजेल, दाब जाणवेल. दुखलं तर हात वर करा."

तसंच झालं. आधी टोपी निघाली, मग वरचा भाग मोडला. मी कोपऱ्यात बसून नाम घेत होते. मधेच नलूताईनं हात वर केला. डॉक्टर थांबली. बधिर तोंडानं ही म्हणाली, "दुखत नाही. पंखा इकडं करा."

शेवटचं मूळ आलं, टाका पडला, कापसाची घडी दाताखाली दिली. डॉक्टरनं बजावलं, उद्या संध्याकाळपर्यंत चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, गालाला बाहेरून बर्फ लावायचा, मऊ खायचं, गोळ्या जेवणानंतर. नलूताईचं पारायणभर एकभुक्त, दिवसातून एकदाच जेवण. तरी गोळीसाठी रात्री ती माझ्याकडे मऊ भात जेवली आणि म्हणाली, "देवाले मी सांगतो काय सांगायचं ते."

सकाळी मात्र सवयीनं घात केला. अंघोळ झाली, देवाला शिवायचं म्हणून तिनं खळखळून चुळा भरल्या आणि भळभळ रक्त आलं. मी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाली, "रक्ताची गुठळी म्हणजे जखमेवरचं झाकण. ते उडवलं त्यांनी. काल जास्तीची दिलेली कापसाची घडी दाताखाली दाबून गप्प बसवा. थांबलं नाही तर घेऊन या." अर्धा तास नलूताई गप्प बसली. आमच्या गल्लीत असं पहिल्यांदाच झालं. रक्त थांबलं.

दुपारी मंदिरात चौरंगाशेजारी स्पीकर तयार होता. नलूताईनं चूळ न भरता ओठांना तीर्थाचं बोट लावलं आणि पाटावर बसली.

काकू म्हणाल्या, "तोंडात रक्त आलेलं, अन् तशीच पोथीला शिवतेस?"

"रक्त माझंच आहे, काकू. कोणाचं उष्टं नाही." मग अवधूतकडे वळली. "भाऊ, तो डबा उचल. ह्यानं संकल्प सोडला काय? ह्यानं उपास धरला काय?"

"ताई, तुमच्या भल्यासाठीच आणलता."

"भलं झालं की सांगीन तुले."

बायका पदराआड हसल्या. अवधूतनं वायर गुंडाळली.

आवाज बारीक होता, शब्द अर्ध्या तोंडातून येत होते, मधेमधे ती गाल धरून थांबायची. मागून कुणी "ऐकू येत नाही" म्हटलं नाही. बायकाच पुढे सरकल्या, काकूही सतरंजी ओढत आल्या. अध्याय शेवटच्या ओवीपर्यंत झाला, तिच्याच आवाजात.

आरतीनंतर काकूंनी हळूच विचारलं, "डोळा कसा आहे गं?"

"तुमच्या पोलक्याची शिवण खांद्यावर उसवली, ते दिसून राह्यलं."

त्यानंतर खंड पडला नाही. गाल दोन-तीन दिवस सुजलेला होता, आता उतरला आहे. आजचाही अध्याय तिनंच वाचला. उद्या सकाळी नलूताईला टाका काढायला दवाखान्यात जायचं आहे.