बाळासो इंगवल्यांचं जंगल

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात बाळासो इंगवल्यांचं लेथचं वर्कशॉप आहे. पंपाचे सुटे भाग करतात आणि ते उत्तम करतात. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात त्यांच्याबद्दल इतकं चांगलं बोलायची संधी मिळेल असं वाटत नाही.

होळी झाली की दर वर्षी बाळासोंच्या अंगात सह्याद्री यायचा. मे महिन्यात पाठीवर सॅक टाकायची आणि आठवडाभर डोंगरातनं चालायचं. दाजीपूरला सुरुवात, मग पाटगाव, रांगणा किल्ला, आंबोली करत चंदगड तालुक्यात पारगडावर शेवट. वाटेत हॉटेल नाही, गाडी नाही, मोबाईलला रेंज नाही. "माणसानं एकदा तरी जगापास्नं तुटून बघावं," असं बाळासो म्हणायचे. त्यांची ही जगापासून तुटायची इच्छा पलीकडच्या गल्लीतही स्पष्ट ऐकू जायची.

ही मोहीम बरीच वर्षं चालू होती. म्हणजे ठरत होती.

ठरवायची जागा बाळासोंच्या घराची गच्ची आणि वार रविवार. मी शेजारी, त्यामुळं पोह्यांपुरता हजर असायचो. मोहिमेत बाळासोंखेरीज दोघं होते. एक गुंडू, त्याचा दुधाचा धंदा. दुसरा राजवर्धन, विमा विकणारा; त्यामुळं जंगलात माणूस किती प्रकारे मरू शकतो याचा त्याच्याइतका अभ्यास कुणाचाच नव्हता.

एका वर्षीचा सगळा मार्च मटणावर गेला. "आठवडाभर बिनमटणाचं चालायचं म्हंजे ते चालणं न्हवं, उपास झाला," गुंडूचं म्हणणं. उन्हाळ्यात मटण टिकत नाही हे पटल्यावर त्यानं जिवंत कोंबडी न्यायची तोड काढली. राजवर्धन म्हणाला, कोंबडीच्या वासानं वाघ येईल. मग दाजीपुरात वाघ आहे का नाही यावर पुढचा रविवार गेला, आणि वाघ असला तर त्याला कोंबडी परवडते का, यावर त्याच्या पुढचा. तेवढ्यात वळीव आला. "आता वाटा निसरड्या झाल्या," असं म्हणून बाळासोंनी मोठ्या दुःखानं मोहीम पुढच्या वर्षावर टाकली आणि दोन प्लेट पोहे खाल्ले.

सामानात मात्र कधी हयगय झाली नाही. तंबू आला, तो गच्चीवर उभारून बघितला. कपाळावर बांधायचा दिवा आला. गढूळ पाणी गाळायचं यंत्र आलं, ते पाकिटातच राहिलं. सरावासाठी बाळासो सॅकमध्ये तांदूळ भरून रंकाळा तलावाला फेरी मारायचे आणि फेरी संपल्यावर मिसळ खायचे. वजन घटायचं ते सॅकचं, कारण तांदूळ घरात लागायचे.

बाळासोंची बायको क्रांती प्राथमिक शाळेत शिक्षिका. दर रविवारी ती चहा घेऊन वर यायची, कप ठेवायची, नकाशावर पडलेले शेवेचे कण झाडायची आणि खाली जायची. तिला मे महिन्याची सुट्टी असते, ही गोष्ट इतक्या बारकाईनं चाललेल्या नियोजनात कुणाच्या ध्यानात आली नव्हती.

यंदा घोटाळा झाला. जंगलातनं जायची वनखात्याची परवानगी चक्क मिळाली. राजवर्धननं सवयीनं अर्ज केला होता आणि सवयीनं तो नामंजूर होईल अशी सगळ्यांची खात्री होती. परवानगीचा कागद बघून गच्चीवर जी शांतता पसरली, ती मी तिथं पूर्वी कधी अनुभवली नव्हती.

गुंडूला लगेच आठवलं की पुतण्याचं लग्न आहे. राजवर्धनचा गुडघा त्याच क्षणी दुखायला लागला. बाळासोंनी चेहरा पाडला, पण खांदे केवढे हलके झाले ते मला दिसत होतं.

"जाऊ दे," ते म्हणाले. "एकट्यानं जाण्यात काय अर्थ न्हाय. फुडल्या वर्षी बघू."

क्रांती कप गोळा करत होती. म्हणाली, "मी येतो की."

कोल्हापुरात बायका 'येते' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात, आणि तसं म्हटलं की ते ठरलेलं असतं. बाळासोंनी ऊन सांगितलं, अस्वलं सांगितली, राजवर्धनकडून उसनी घेतलेली मरणाची दोन-तीन कारणंही सांगितली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग एवढी वर्षं तुम्ही तिकडं कशाला जाणार हुता?"

मेच्या दुसऱ्या आठवड्यात दोघं निघाली.

पहिला दिवस बाळासोंच्या आवाजावर निघाला. ते चालताना बोलत होते, बसल्यावर बोलत होते, बुटांनी टाचा सोलल्यावर बुटांशी बोलत होते. आसपासची जनावरं अर्थातच लांब निघून गेली असणार. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाटल्या रिकाम्या झाल्या. बाळासो निवांत होते, कारण पुढं झरा होता. तो झरा त्यांनी मोबाईलवरच्या एका व्हिडिओत बघितला होता, खळखळून वाहणारा. व्हिडिओ पाऊस संपता संपता काढलेला असणार, हा विचार त्यांना झऱ्याजवळ पोचल्यावर आला.

झऱ्याचं डबकं झालं होतं. आणि त्या डबक्यात गवा उभा होता.

गवा चित्रात बघणं वेगळं. हा वर्कशॉपच्या शटरएवढा होता. पाणी प्यायची त्याला काही घाई नव्हती. बाळासोंनी तोंड उघडलं, तशी क्रांतीनं त्यांच्या तोंडावर हात ठेवला आणि त्यांना ओढून जांभळीच्या जाळीमागं बसवलं. हात काढला तो या अटीवर, की आवाज काढायचा नाही.

गवा हलेना. पाण्याशिवाय पुढं जाता येईना. दोघं बसून राहिली. बऱ्याच वेळानं क्रांती अगदी हळू म्हणाली, "एक इचारू? एवढी वर्षं का गेला न्हाय?"

"जमलं न्हाय," बाळासो कुजबुजले. लग्नानंतर ते कुजबुजल्याची ही पहिलीच वेळ.

"खरं सांगा."

बाळासो गव्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "ठरवतानाच बरं वाटायचं. आठवडाभर लेथफुडं हुबारायचं, आन रविवारी वाटायचं, आपुनबी कुटंतरी निघालोय. खरंच गेलो आन झेपलं न्हाय, तर मग रविवारी काय करायचं?"

क्रांतीनं त्यांच्या बाहीवरचा मुंगळा झटकला. त्यांनीच विचारलं, "तुला यायचं हुतं, तर कधी बोलली न्हाईस."

"दर रविवारी वर यायचो की. वाटायचं, एकदा तरी म्हणतील, क्रांती, तू येतीस काय? तुमचा आवाज जरा खाली आला असता, तर मीच बोललो असतो."

यावर बाळासोंना पुष्कळ बोलायचं होतं, पण गव्यानं मान वर केली. त्यामुळं ते गप्प राहिले, आणि बरं झालं. जे बोलले असते ते चुकीचंच बोलले असते.

ऊन कलल्यावर गवा निघून गेला. पाणी गाळायचं यंत्र पाकिटातनं निघालं, पण जोडायचं कसं ते बाळासोंना कळेना. शेवटी क्रांतीच्या ओढणीतनं पाणी गाळलं आणि उकळून प्यायलं. संध्याकाळी एका धनगरवाड्यावर झुंबरबाई नावाच्या म्हातारीनं त्यांना ताक दिलं आणि बाळासोंच्या टाचा बघून म्हणाली, "पावणं, हे बूट दुसऱ्याचं हायत काय?"

पाटगावात पोचल्यावर बाळासो थेट एसटीच्या थांब्यावर जाऊन बसले. क्रांती म्हणाली, "तुम्ही जावा. मी रांगणा बघून येतो. गावातलं कोणतरी घेतो वाटाड्या." आणि खरंच चौकशी करायला निघाली. गाडी आली. बाळासो चढले, सॅक मांडीवर घेतली, आणि कंडक्टर तिकिटाला येईपर्यंत उतरलेले होते. का उतरले ते त्यांनी मला नीट सांगितलं नाही. "सॅकमधी तिचा टावेल हुता," एवढंच म्हणाले.

बूट गळ्यात अडकवून आणि विकत घेतलेल्या स्लिपरा घालून बाळासो रांगण्यावर चढले. वर तटावरनं खाली कोकण दिसतं. तिथं ते इतका वेळ गप्प उभे राहिले की ऊन लागलं की काय म्हणून क्रांतीनं त्यांचं कपाळ चाचपून बघितलं. त्यांचं अंग ठीक होतं, फक्त डोळे भरले होते. ते वाऱ्यानं, असं त्यांचं म्हणणं.

तिथनं दोघं परत फिरली. आंबोली राहिली, पारगड राहिला. निम्मीच मोहीम झाली.

घरी आल्यावर पहिल्याच रविवारी गव्याचे पाच गवे झाले आणि त्यातला एक अंगावर धावून आला. गुंडूच्या हातातले पोहे तसेच राहिले. तेवढ्यात क्रांती वर आली आणि या वेळी खुर्ची ओढून बसली.

"एकच हुता," ती म्हणाली. "आणि तो आमच्याकडं बघतबी न्हवता."

बाळासोंनी हातातली प्लेट खाली ठेवली. मग म्हणाले, "व्हय. एकच हुता." आवाज खालचा होता. राजवर्धनला वाटलं, यांना जंगलात काहीतरी बाधलं.

दिवाळीच्या सुट्टीत क्रांती शाळेतल्या दोघी मैत्रिणींना घेऊन पारगडला गेली. बाळासोही गेले, त्यांना मागं चालायची परवानगी होती. गच्चीवरचं नियोजन त्यामुळं बंद पडलं. ते आता गुंडूच्या घरी भरतं. सध्या तिथं हिमालय चालू आहे, आणि थंडीत मटण किती दिवस टिकेल यावर दोघांचं अजून एकमत झालेलं नाही.