विल्फच्या नावाचं पदक

सई, जरा निवांत बस. आजीचं पत्र वाचतेस तेवढा वेळ तो फोन उलटा ठेव. क्लेटनच्या युनिव्हर्सिटीतून इकडे टूवूंबाला यायला दोन वर्षांत सवड झाली नाही तुला, म्हणून लिहून पाठवतेय.

फौजेच्या हॉस्पिटलात मी बावीस वर्षं नर्सिंग ऑफिसर होते, मेजर होऊन रिटायर झाले. साडेसातला वॉर्ड, शनिवारी इन्स्पेक्शन. आदल्या दुपारी बिल्ले, बटणं पॉलिशने घासायची. डाग दिसला की मेट्रन म्हणायच्या, "लेफ्टनंट, परत." बस, तेवढंच. सवय हाडात गेली.

आमची शेजारीण जोन, वय शहाऐंशी. तिचे आजोबा विल्फ हॅस्कम. इंग्लंडात आठवडाभर कोळशाच्या खाणीत, शनिवारी रग्बी लीग. स्क्रममध्ये, म्हणजे डोकी भिडवून रेटारेटी करतात त्यात, एक कान पार चुरगळलेला. टीमबरोबर बोटीने इकडे खेळायला आला, टूवूंबाची मुलगी आवडली, परत येऊन इथलाच झाला. दोन सीझन खेळला. मग पहिलं महायुद्ध. फ्रान्समध्ये लढाईत पडला. देह मिळाला नाही.

उरलं एक पदक, इंग्लंडात कप जिंकल्याचं. मागे नाव कोरलेलं. जोन लहानपणापासून त्यावर अंगठा फिरवायची.

अँझॅक डेला, इथे शहिदांची आठवण काढतात त्या दिवशी, हॉलमध्ये विल्फबद्दल मी बोलायचं ठरलं. जोनने पदक माझ्याकडे दिलं. मला ते मळकट वाटलं. आदल्या दिवशी दुपारी दोन ते चार घासलं, बटणं घासायचे तसं. चष्मा लावून पाहिलं, तर मुलामा गेलेला. नाव आधीच झिजलेलं, तेही गेलेलं.

सकाळी दहाला भाषण केलं. पदक वर धरलं, नावाची बाजू तळहाताकडे. लोकांनी चकाकीचं कौतुक केलं. छातीवर माझी स्वतःची मेडल्स, आणि नाव पुसल्याचं मी दडवलं. त्याची लाज अजून जात नाही ग.

पावणेबाराला जोनला तिच्या किचनमध्ये सांगून टाकलं. तिने अंगठा फिरवला. बराच वेळ. दिवसातून वीसदा "नो वरीज" म्हणणारी बाई, तेव्हा म्हणाली नाही.

"आता त्याचं नाव तू घ्यायचं, मेजर," एवढंच म्हणाली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी सहाला मी तिच्या व्हरांड्यात ताठ उभी राहते आणि रोल कॉलसारखी हाक देते, "विल्फ हॅस्कम."

जोन खुर्चीतून म्हणते, "प्रेझेंट."

हल्ली तिचा आवाज फार बारीक झालाय. त्या हाकेला ओ द्यायला कुणीतरी लागेल. लवकर ये ग.