थांबायला शिकवताना

माझ्या जुळ्या मुली बालवाडीत जायला लागल्या, तेव्हा बाईंनी पालकसभेत सांगितलं, "मुलांना थोडं थांबायला शिकवा." नजर माझ्यावरच होती. त्या आठवड्यात धाकटीने, म्हणजे अकरा मिनिटांनी नंतर जन्मलेल्या लेकीने, वर्गातल्या तिघांचे डबे संपवले होते. रिक्षातच मी ठरवलं, शिकवायचंच.

सासऱ्यांची सांडोर गावात केळीची वाडी आहे. तिथली राजेळी केळी उन्हात सुकवून केलेली सुकेळी आमच्या उमेळ्याच्या फ्लॅटवर येतात आणि त्याच दिवशी संपतात. त्यातली दोन मी दोन ताटल्यांत ठेवली. "मी कपडे वाळत घालून येते. तोवर जी खाणार नाही, तिला आणखी एक."

गॅलरीतून मी बघत होते. थोरली हात मांड्यांखाली दाबून गप्प बसली. धाकटीने आधी वास घेतला. मग जीभ लावली. मग एक टोक खाल्लं आणि उरलेलं वाईट दिसतं म्हणून तेही. तोंड पुसून बहिणीला म्हणाली, "तू अजिबात खाऊ नको हं. तुला दोन मिळतील. त्यातलं एक माझं."

मी आत येऊन थोरलीला बक्षीस दिलं. तिने ते निमूट बहिणीच्या ताटलीत ठेवलं.

"अगं, ती थांबली का? मग तिला कशाला?" मी एवढ्या जोरात ओरडले की समोरच्या काकूंनी दार उघडलं. भाजी घेऊन आलेले सासरे दारातच थबकले.

"कोण कोणाला थांबायला शिकवतंय?" त्यांनी विचारलं.

तेवढ्यात थोरली हळूच म्हणाली, "मी खाल्लं असतं तर मलाही ओरडली असतीस ना? म्हणून नाही खाल्लं."

मी तिच्याजवळ जाऊन बसले.

सासरे धाकटीकडे बघून म्हणाले, "हिचा बाप असाच होता. कच्ची केळीसुद्धा चावायचा. मग मी त्यालाच घडाची राखण करायला बसवलं. राखणदार झाल्यावर हात लावेना."

पुढच्या रविवारी त्यांनी धाकटीलाही वाडीतला एक घड नेमून दिला. दर खेपेला ती त्या घडालाच दटावते, "अजून नाही हं!" डब्यांच्या तक्रारी कमी झाल्या, बंद नाही.

थोरलीने परवा न विचारता फ्रिजमधलं श्रीखंड खाल्लं आणि नाकाला लागलेलं तसंच ठेवून माझ्यासमोर उभी राहिली. मी ओरडले नाही. खरं तर आनंद झाला होता, तेवढा दाखवला नाही.