मुकादमाची सक्तीची विश्रांती

मुंबईतल्या डासांचं सगळ्यात जास्त नुकसान कोणी केलं असेल, तर ते धूर सोडणाऱ्या गाड्यांनी नव्हे, आमच्या विहीणबाईंनी. मुलीचं लग्न ठरवायला त्या लालबागहून आमच्या फणसवाडीतल्या घरी पहिल्यांदा आल्या, तेव्हा मी पोहे, चहा, मुलीचे गुण आणि वेळ पडल्यास मुलीचे दोष, अशी सगळी तयारी ठेवली होती. विहीणबाईंनी खुर्चीत टेकण्याआधी खिडकीतली मनीप्लांटची बाटली उचलली, उजेडात धरली, “यात अळ्या आहेत,” असं जाहीर केलं आणि सरळ मोरीत ओतून आल्या. मग रुमालाला हात पुसत त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “गच्चीवरची टाकी झाकलेली असते ना?” आमचे हे घाईने “हो” म्हणाले. “बघून सांगताय की अंदाजाने?” हे उठले आणि जिना चढून गच्चीवर गेले. ते खाली येईपर्यंत लग्न ठरलं होतं. पत्रिका पिशवीतून बाहेरही आली नाही. मागाहून कुरबुर नको म्हणून मानपानाचा विषय मीच काढला, तर म्हणाल्या, “मला साडी नको, चांदीचं ताट नको. पुढेमागे काही लागलं तर मी मागेन. आणि मागितल्यावर सोडणार नाही हां, विहीणबाई.” सगळे हसले. मी ते वाक्य विसरून गेले. त्या विसरल्या नाहीत, पण ते पुढे येईलच.

विहीणबाईंचं लालबागेत मसाल्याचं दुकान आहे. सासऱ्यांची गिरणी बंद पडली तेव्हा सासूबाईंनी घरच्या घरी मालवणी मसाला कुटून विकायला सुरुवात केली, तो यांनी दुकानापर्यंत नेला. बाई उंचीने पाच फुटांच्या आत, पण आवाज असा की डंखावर, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रावर, मिरची कुटली जात असतानाही रस्त्यापलीकडच्या माणसाला ऐकू जातो. कुत्र्यांचं वेड त्यांना मुळात नव्हतं. दुकानासमोर एक पांढरी कुत्री बसायची, तिला त्या सकाळी पाव घालायच्या, एवढंच. ती कुत्री हळूहळू दमू लागली, पोटात पाणी झालं आणि गेली. परळच्या प्राण्यांच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं, डास चावला की त्याच्या सोंडेतून जंताची बारीक पिल्लं कुत्र्याच्या अंगात जातात, महिनोन्महिने वाढतात आणि शेवटी हृदयाशी दोऱ्यासारखी गुंतून बसतात. आपल्याकडे हे कमी आढळतं, पण आढळतं. महिन्याला एक गोळी दिली असती तर झालं नसतं. विहीणबाईंना कुत्री गेल्याचं दुःख झालंच, पण त्याहून जास्त झाला तो अपमान. “एवढासा डास, विहीणबाई! माझ्या दुकानासमोर येऊन, माझा पाव खाणारी कुत्री मारून जातो!” त्या दिवसापासून युद्ध सुरू आहे.

हे युद्ध त्या दुकान चालवतात तसंच चालवतात. औषध वजनावर असतं असं डॉक्टरांनी सांगितल्यावर त्यांनी पोती तोलायचा जुना काटा माळ्यावरून खाली काढला. गल्लीतला प्रत्येक कुत्रा महिन्यातून एकदा त्या काट्यावर चढतो. काट्याच्या फटींत वीस वर्षांची बेडगी आणि संकेश्वरी मिरची मुरलेली आहे, त्यामुळे कुत्रा चढतो, शिंकतो, काटा हलतो, आणि विहीणबाई ओरडतात, “शिंकू नको रे मेल्या, पाव किलो इकडचं तिकडे होतं!” आता तर त्यांना काटाही लागत नाही. कुत्र्याला पोटाखालून जरा उचललं की “चौदा, सव्वाचौदा” म्हणतात, आणि तेवढाच निघतो. माझ्या नातवाचं पहिलं वजन त्यांनी प्रसूतिगृहात असंच हातावर सांगितलं होतं. नर्सने काट्यावर ठेवून खात्री केली आणि तोच आकडा लिहिला.

गोचिडींच्या बाबतीत त्यांना लाजलज्जा नाही. शिवाजी पार्कला नातवाला फिरवायला नेलं की त्या अनोळखी माणसाच्या उंची कुत्र्याचे कान उलटे करून बघतात, पंजाच्या बोटांमध्ये बोट घालतात. एकदा एक गृहस्थ रागावले. “मॅडम, ही परदेशी जात आहे.” विहीणबाईंनी त्यांच्या हातावर एक टपोरी गोचीड ठेवली. “ही देशी आहे. नखाने चिरडू नका. साबणाच्या पाण्यात टाका.” गृहस्थ पुढच्या रविवारी गोचिडीचा पट्टा कुठला घ्यावा हे विचारायला आले.

आणि संकष्टी. महिन्याची गोळी महिन्यालाच पडली पाहिजे, आणि तारखा कोणाच्याच लक्षात राहत नाहीत. संकष्टी मात्र अख्ख्या लालबागेच्या लक्षात असते. म्हणून त्यांनी कुत्र्यांची गोळी संकष्टीला लावून टाकली. चंद्रोदयाची वेळ कॅलेंडरवर असतेच. अडचण एवढीच की त्या दिवशी घरात मासळीचा तुकडाही नसतो, मग गोळी लपवायची कशात? मोदकात. चंद्र दिसला की विहीणबाई देवाला नैवेद्य दाखवतात आणि उपास सोडायच्या आधी परात घेऊन खाली उतरतात. गल्लीतले अकरा कुत्रे ओळीने बसलेले असतात. शेजारच्या भटजींनी एकदा हळूच हरकत घेतली. विहीणबाई म्हणाल्या, “विघ्न घालवायचंच काम चाललंय ना? मग?” तेव्हापासून भटजी परात धरायला येतात.

अशा या बाईच्या नाकाखाली ती गोष्ट घडली. त्या वर्षी फेब्रुवारीत कुठून तरी एक तांबूस, रुंद छातीचा, चारेक वर्षांचा कुत्रा गल्लीत आला. मसाल्याची हातगाडी निघाली की हा तिच्या पुढे धावायचा, वाट मोकळी करायचा, परत येऊन गाडीवाल्याकडे उशीर का झाला अशा नजरेने बघायचा. लोकांनी त्याचं नाव मुकादम ठेवलं. मोठ्या कुत्र्याला गोळी सुरू करण्याआधी रक्त तपासायचं, हा नियम विहीणबाईंना पाठ होता. दुसऱ्या कोणी मोडला असता तर त्याला त्यांनी सोलून काढलं असतं. पण फेब्रुवारी ते मे म्हणजे मसाल्याचा हंगाम. सगळी मुंबई मिरच्या घेऊन लालबागला येते, जेवायला फुरसत नसते. “हंगाम सरला की नेते,” त्या म्हणाल्या. एप्रिलमध्ये मुकादम खोकू लागला. पण एप्रिलमध्ये त्या गल्लीत कोण खोकत नाही? मिरचीचा खकाणा हवेत असतो. गिऱ्हाईक खोकतं, भटजी खोकतात, माझी मुलगी लग्नानंतरचे पहिले दोन महिने सलग खोकत होती. मुकादम खोकला की विहीणबाई म्हणायच्या, “जरा लांब बस रे, ठसका लागतोय.” जूनमध्ये डंख थंडावले, हवा धुऊन निघाली, सगळ्यांचे खोकले थांबले. मुकादमाचा थांबला नाही.

परळला रक्त तपासलं. मुलीचा मला ऑफिसात फोन आला, “आई, जंत निघालेत. सासूबाई दुकानात बसल्यात, पण बोलतच नाहीयेत.” विहीणबाई बोलत नाहीत म्हणजे परिस्थिती गंभीर. मी संध्याकाळी गेले. त्या धण्याच्या पोत्यावर बसल्या होत्या. “मला शिंक ऐकून मिरची कुठली ते कळतं,” त्या म्हणाल्या, “आणि खोकला ऐकून कळलं नाही.” मी सांत्वन करणारी बाई नाही. मी विचारलं, “आता डॉक्टर काय म्हणतात ते सांगा.”

डॉक्टरांचं म्हणणं असं होतं: गोळ्या सुरू करायच्या, मोठे जंत हळूहळू मरतील, वर्ष-दीड वर्ष लागेल. पण मेलेल्या जंतांचे तुकडे रक्तातून फुप्फुसात जातात. तेव्हा कुत्रा धावला, उड्या मारल्या, घाबरून पळाला, तर जागच्या जागी संपू शकतो. म्हणून विश्रांती. जिना नाही, भांडण नाही, हातगाडी तर नाहीच. रस्त्यावरच्या कुत्र्याला हे समजावायचं कसं, ते डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. विहीणबाईंनी त्याला दुकानात, गल्ल्याच्या पायाशी, आखूड दोरीने बांधलं आणि स्वतः गल्ल्यावरून हलणं बंद केलं. नळावर त्याच्याबरोबर सावकाश चालत जायचं, सावकाश यायचं. हातगाडी निघाली की तो उठायचा, आणि त्या ओरडायच्या, “धावतंस कशाक? बस थंयच!” दिवसातून किती वेळा, ते अख्ख्या गल्लीने ऐकलं. अडीच महिने असे गेले. आणि गणपती आले.

लालबागचे गणपती म्हणजे काय, हे मी लिहायला नको. दहा दिवस रस्त्याला जमीन दिसत नाही. ढोल-ताशा, फटाके, रांगा. त्यात हृदयात मेलेले जंत घेऊन एक कुत्रा. हरितालिकेच्या आदल्या दिवशी सकाळी आमच्या दाराची कडी वाजली. दारात विहीणबाई, मागे टॅक्सी, टॅक्सीत मुकादम.

“मानपान मागायला आलेय,” त्या म्हणाल्या.

“आत्ता?”

“मागेन म्हटलं होतं की नाही? तुमची खोली वाडीच्या पाठीमागे आहे. आवाज कमी येतो. तुमचा गणपती थोरल्या दिरांकडे बसतो, घर रिकामं. दहा दिवस.”

“विहीणबाई, मला कुत्र्यांचं काही कळत नाही. मला ते आवडतही नाहीत.”

“तुम्ही काही करू नका. मीपण राहणार आहे.”

यावर आमचे हे म्हणाले, “या ना, या,” कारण त्यांना पुन्हा गच्चीवर जायचं नव्हतं.

जन्म लालबागला, सासर लालबागला. गणपतीत लालबाग सोडून राहायची विहीणबाईंची ही पहिलीच वेळ. दुकान मुलीने आणि जावयाने सांभाळलं. इथे त्यांनी पहिल्या तासात आमच्या घरातल्या झाडांच्या बशा, कूलर आणि फ्रिजच्या मागचा ट्रे कोरडा केला. दुसऱ्या तासात वाडीतली सगळी पिंपं तपासली. मग खिडकीला जाळी ठोकली, जमिनीवर सतरंजी टाकली आणि मुकादमाशेजारी ठाण मांडलं. लांबून ताशा वाजू लागला की मुकादमाचे कान उभे राहायचे, छाती भात्यासारखी हलायची. त्या त्याच्या बरगड्यांवर तळवा ठेवून मसाल्याचं प्रमाण पुटपुटायच्या. “बेडगी अडीच किलो, धणे एक किलो, बडीशेप पाव, दगडफूल...” तिरफळापर्यंत पोहोचेस्तोवर तो निवळायचा. तिसऱ्या दिवशी त्या आंघोळीला गेल्या असताना फटाक्यांची माळ लागली. मुकादम ताडकन उठला. खोलीत मी एकटी. मी सतरंजीवर बसले, हात ठेवला आणि म्हणाले, “बेडगी अडीच किलो.” पुढचं मला येत नव्हतं, म्हणून तेवढंच म्हणत राहिले. चाललं. हाताखाली त्याचं हृदय असं धडधडत होतं की मी डोळे मिटून घेतले.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या गल्लीतला गणपती चौपाटीला जाताना आमच्या वाडीच्या तोंडावरून जाणार होता. विहीणबाईंनी पहाटे उठून आंघोळ केली, नवी साडी नेसली, दूर्वांची जुडी हातात घेतली. दहाच्या सुमाराला गजर जवळ आला. शेजारीपाजारी जिन्यावरून धावत सुटले. मी म्हटलं, “चला, लवकर.”

त्या बसूनच होत्या. मुकादम रात्रभराच्या आवाजाने दमून नुकताच झोपला होता, डोकं त्यांच्या पावलावर टाकून.

“मी उठले तर तो उठेल.”

“पाच मिनिटं. मी बसते.”

“तो मला शोधत धावेल, विहीणबाई. तुम्ही जा. ह्या दूर्वा वाहा. आणि सांगा, कामात आहे म्हणून.”

मी गेले. गर्दीत पुढे घुसायची मला सवय आहे. ट्रकवरच्या पोऱ्याच्या हातात दूर्वा दिल्या आणि मोठ्याने सांगितलंही, कामात आहे म्हणून. आजूबाजूच्या लोकांना वाटलं, मी फोनवर बोलतेय. परत आले तेव्हा विहीणबाई बसल्या जागी हात जोडून, डोळे मिटून होत्या, आणि पाय तसूभरही हलवला नव्हता.

पुढचं सगळं हळू झालं. दीड वर्षाने रक्त स्वच्छ आलं. डॉक्टर म्हणाल्या, हृदय थोडं थकलंय, पण आता जरा धावू दे त्याला. त्या रविवारी मी लालबागला गेले होते. दोरी सोडली. हातगाडी निघाली. मुकादम उठला, दोन पावलं गेला, मागे वळून विहीणबाईंकडे बघितलं आणि बसला.

“जा रे. धाव.”

तो बसूनच.

“अरे धाव मेल्या, आता परवानगी आहे!”

दीड वर्ष ज्या आवाजाने त्याला बसवलं होतं, त्याच आवाजाने आता उठवायचं म्हणजे अवघड. तो अधिकच घट्ट बसला. भटजी टाळ्या वाजवून बघून गेले. माझ्या मुलीने बिस्किट दाखवलं. शेवटी विहीणबाईंनी चपला दुकानाच्या पायरीवर काढल्या, निऱ्या वर खोचल्या आणि वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, भर रविवारी, गिऱ्हाइकांच्या देखत लालबागच्या रस्त्यावर धावत सुटल्या. गुडघे दुखतात, त्यामुळे ते धावणं म्हणजे धावण्याचा हावभावच होता. मुकादमाने मान वाकडी करून थोडा वेळ बघितलं. मग तो उठला आणि त्यांच्याशेजारून चालू लागला. त्या धावत होत्या, तो चालत होता, आणि दोघं नळापर्यंत बरोबरच पोहोचले.