पी थोरल्याचा, एस धाकट्याचा

माझ्या थोरल्या मामाइतका श्रीमंत माणूस सगळ्या महाड-पोलादपूर पट्ट्यात दुसरा नाही, हे मी कुणाशीही पैज लावून सांगेन. कारण इंग्रजी भाषेतलं अख्खं पी हे अक्षर त्याच्या मालकीचं आहे. हसू नका. पंचांसमोर रीतसर वाटणीत मिळालंय ते त्याला. आजोबा मुंबईत कुणा साहेबाकडे नोकरीला होते. येताना उशीएवढा जाड इंग्रजी-मराठी कोश घेऊन आले आणि देव्हाऱ्याशेजारी ठेवून जन्मभर त्याला हळदकुंकू वाहिलं. उघडला कुणीच नाही. आजोबा गेल्यावर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आमच्या आजोळच्या वाडीत, दोघा मामांची वाटणी बसली. भातखाचरं झाली, भांडी झाली, दारातला फणससुद्धा फांदीफांदीने वाटून झाला, आणि शेवटी उरला कोश. उघडून बघतात तर पुढून वाळवीने आणि मागून उंदरांनी ताव मारलेला! मधली पी, क्यू, आर आणि एस एवढीच अक्षरं शाबूत. पंच म्हणाले, पी थोरल्याला, एस धाकट्याला. क्यू अगदीच चिंचोळा, तो विहिरीसारखा सामाईक. आर माझ्या आईच्या नावे निघाला, पण बहिणी करतात तसा तिने भावांसाठी हक्क सोडला, म्हणून तो पडीक. वाळवीने आणि उंदरांनी खाल्लेली अक्षरं सरकारजमा, ज्याला पाहिजे त्याने वापरावीत.

दुसरा कुणी असता तर आपली पानं बंबात घालून मोकळा झाला असता. मामाने पी कसायला घेतला. सकाळी पेजेचा वाडगा पुढ्यात आणि पानं मांडीवर. "पेशन्स म्हंजे धीर. पिजन म्हंजे कबूतर. प्लाऊ म्हंजे नांगर. बघ रे भाच्या, काय काय पिकतंय माज्या रानात!" फोन आणि फोटो हे दोन शब्दसुद्धा आपल्याच हद्दीत उगवलेत हे कळलं, त्या दिवशी त्याने वाडीत पेढे वाटले. कुणी पंक्चर काढायला निघाला की मामा उदारपणे हात हलवायचा, "काढ, काढ, माजी काय ना नाय." एकदा मी त्याला मोटरसायकलवरून महाडला घेऊन चाललो होतो, तर हमरस्त्यावरच्या पेट्रोल पंपासमोर त्याने मला थांबायलाच लावलं. कमरेवर हात ठेवून बराच वेळ त्या पाटीकडे बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "दोन्ही शब्द माजे. दुबार पीक हाय हे." पंपावरचा पोरगा आमच्याकडे बघत राहिला. मी हेल्मेट काढलंच नाही.

पण स्वतःच्या मालाचा जितका अभिमान, तितकाच दुसऱ्याच्या मालाचा धाक. एस धाकट्याचा, तेव्हा एसमधला एकही शब्द मामाने तोंडातून काढला नाही. स्टँड म्हणजे 'लाल गाडी थांबते ती जागा'. स्टोव्ह म्हणजे 'भुरभुरी चूल'. तापाने फणफणला म्हणून महाडच्या दवाखान्यात नेला, तर तिथेही तेच. डॉक्टर म्हणाले, सलाइन लावू. हा ग्लानीतून उठून म्हणतो, "लावा, पन नाव घेऊ नका. भावाचा हाय तो शब्द." डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, यांच्या डोक्याला कधी मार लागला होता का?

आता असल्या माणसाच्या सख्ख्या भावाने तरी जपून बोलावं की नाही? धाकटा मामा मुंबईला नोकरीला. एका शिमग्याला आला, पालखी दारात, सगळी वाडी अंगणात, आणि हा गृहस्थ एका दमात बोलून गेला, "पब्लिक फार झालीय, पालखीला प्रॉब्लेम होईल, प्रॉपर प्लॅन करा." थोरला मामा लालबुंद! "बांध कोरतोस काय रे? माज्या देखत?" धाकटा म्हणाला, "दादा, शब्दांना कसला आलाय बांध?" एकाचे दोन झाले, दोनाचे चार, आणि थोरला रागाच्या भरात बोलून बसला, "परत पाय ठेवू नको माज्या उंबऱ्यावर!" धाकटा सकाळच्या गाडीने गेला तो गेलाच. सामाईक क्यूमधला एकच शब्द दोघांनी मिळून वापरला, तो म्हणजे क्वारल. अर्थ, भांडण.

पुढचे शिमगे मामाने कसे काढले ते आम्ही पाहिलंय. पालखी यायची, आणि हा पालखीकडे पाठ करून वाटेकडे बघत बसायचा. फणस पिकले की धाकट्याच्या फांदीचे तसेच झाडावर सडू द्यायचा, पण हात लावायचा नाही. शेवटी एक दिवस महाडला माझ्या घरी आला आणि पाणीही न पिता म्हणाला, "त्याला बोलवायचा हाय रे. काय बोलू?"

"सॉरी म्हण, संपलं," मी म्हणालो.

त्याने चटकन कानांवर हात ठेवले. "तो त्याचा शब्द हाय!"

"मग मराठीत म्हण, माझं चुकलं."

"थोरल्यानं धाकल्याला? जीभ वळत नाय रे. तो इंग्रजीतला कसा, जरा लांबून बोलल्यावानी होतोय." आणि डोळे पुसत म्हणाला, "लाव फोन. परमिशन मागतो. परमिशन माजीच हाय."

मी फोन लावला. "धाकल्या, तुज्यातला एक शब्द वापरायचा हाय. देतोस?" पलीकडून आवाज आला, "घे दादा. पन फोनवर नको. मी येतोय, समोर वापर."

तो आला. मी थोरल्याच्या तोंडाकडे डोळे लावून होतो, आता शब्द निघणार! थोरला पुढे झाला, धाकट्याची पिशवी काढून घेतली आणि म्हणाला, "जेवलास?" बस्स. तेव्हापासून धाकटा दर शिमग्याला येतो, उंबऱ्यावर विचारतो, "दादा, वापरलास काय शब्द?" आणि थोरला म्हणतो, "नाय अजून." मी एकदा वैतागून म्हणालो, "मामा, बोलून टाक की एकदाचं!" तर मलाच म्हणाला, "खुळा हायस. उसनं फेडल्यावर माणूस कशाला येतोय रे दारात?"

यंदा धाकटा मामा काठी टेकत चढ चढून आला. गुडघे गेलेत त्याचे. तीनदा बसला वाटेत. थोरल्याने ती काठी पाहिली, त्याचा चेहराच उतरला. हात धरून भावाला ओटीवर बसवलं आणि म्हणाला, "ऐक, आता बोलूनच टाकतो."

"राहू दे, दादा," धाकटा म्हणाला. "पुढल्या शिमग्याला बोल. घाई काय हाय?"

"प्रॉमिस?"

"शब्द तुजा हाय. मी कसा वापरू?"

"वापर," थोरला मामा म्हणाला. "माजी परमिशन हाय."

धाकट्या मामाने काठी बाजूला ठेवली, थोरल्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "प्रॉमिस."